सारखी तहान, सकाळची डोकेदुखी आणि मेंदूतली दुर्मिळ गाठ: जर्मिनोमाविषयी एका मामाला उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. भाचा १३ वर्षांचा. गेलं वर्ष-सव्वा वर्ष तो फार पाणी पितो, रात्री चार-पाच वेळा लघवीला उठतो. शुगर तपासली, नॉर्मल आली, म्हणून विषय तिथेच थांबला. उंची वाढेना, तेव्हा ‘याच्या बाबांचीही उशिराच वाढली होती’ असं घरात म्हटलं गेलं. महिन्याभरापासून सकाळी डोकं दुखतं, या आठवड्यात दोनदा उलटी झाली, एकाचे दोन दिसायला लागले. एमआरआयमध्ये दोन गाठी निघाल्या: एक पिनिअल ग्रंथीपाशी, दुसरी पिट्युटरीच्या, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या हार्मोनच्या ग्रंथीच्या, देठाशी. रिपोर्टच्या शेवटी लिहिलंय, ‘जर्मिनोमाची शक्यता’. जिल्ह्याच्या ठिकाणी सर्जन म्हणाले, दोन-तीन दिवसांत डोकं उघडून गाठ पूर्ण काढू. तुम्ही विचारताय की ऑपरेशनला हो म्हणायचं का, ही गाठ बरी होते का, ती झालीच कशामुळे, आणि मुलाला काय सांगायचं.

मी लहान मुलांच्या कॅन्सरची डॉक्टर आहे, वीसहून जास्त वर्षं हेच काम करते. मुलाला न तपासता कुणालाच शेवटचा शब्द देता येत नाही. पण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगते: या गाठीत घाई करायची ती डोक्यातल्या पाण्याच्या दाबाची. गाठ काढण्याची घाई करायची नाही.

दाबाचं आधी. पिनिअल ग्रंथी वाटाण्यापेक्षाही लहान, मेंदूच्या अगदी मध्यभागी. तिच्या पुढेच एक अरुंद नळी आहे, जिच्यातून मेंदूतलं पाणी वरच्या पोकळ्यांमधून खाली उतरतं. पिनिअलची गाठ फुगली की ती नळी दाबते, पाणी वर तुंबतं आणि डोक्यात दाब वाढतो. रात्रभर आडवं झोपल्यावर दाब आणखी चढतो, म्हणून डोकं सकाळी दुखतं आणि उलटी झाल्यावर थोडं हलकं वाटतं. याच जागेच्या लगत डोळे वर फिरवण्याचं केंद्र आहे. ते दाबलं गेलं की मुलाला वर पाहता येत नाही. फ्रान्समधले नेत्रतज्ज्ञ आंरी पारिनो यांनी एकोणिसाव्या शतकात हे वर्णन केलं, आजही त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. घरच्यांना ते वेगळ्या रूपात दिसतं. एका आईनं मला सांगितलं होतं, ‘हा घड्याळ बघताना डोळे वर नेत नाही, कोंबड्यासारखी मान वर करतो.’ तपासताना मी पेन त्याच्या नाकासमोरून हळूहळू वर नेलं. बुबुळं अर्ध्यावर अडली, थरथरली आणि हनुवटी वर गेली. स्कॅनच्या आधीच गाठ कुठे असणार ते त्या हनुवटीनं सांगितलं होतं.

भाच्याची डोकेदुखी वाढत असेल, तो सुस्त होत असेल, हाक मारल्यावर उशिरा ओ देत असेल, उलट्या थांबत नसतील, तर हे उत्तर पुढे वाचू नका. आज रात्रीच न्यूरोसर्जन असलेल्या हॉस्पिटलात न्या. तिथे पाण्याला वाट करून देतात. शक्य असेल तर दुर्बिणीनं मेंदूच्या तिसऱ्या पोकळीच्या तळाला छोटं छिद्र पाडतात, पाणी गाठीला वळसा घालून निघून जातं. कायमची नळी, म्हणजे शंट, बसवावी लागत नाही. हे अर्ध्या-पाऊण तासाचं काम असतं, आणि याच बैठकीत दोन मोठे फायदे पदरात पाडून घेता येतात: मेंदूतल्या पाण्याचा नमुना मिळतो आणि जागा सोयीची असेल तर गाठीचा छोटा तुकडाही. ही दुर्बिणीची सोय आहे का, हे सर्जनना आधी विचारा. नसेल आणि मुलाची तब्येत प्रवासाला झेपणारी असेल, तर जिथे आहे तिथे हलवणं चांगलं.

आता मोठ्या ऑपरेशनविषयी. तुमचे सर्जन काही वावगं सांगत नाहीत. मुलांच्या मेंदूच्या बहुतेक गाठींत जितकी गाठ निघेल तितकं चांगलं, हाच नियम. मेड्युलोब्लास्टोमा, एपेन्डायमोमा यांत मीसुद्धा सर्जनच्या मागे लागते, उरलेलं काढता येतं का बघा म्हणून. पण जर्मिनोमा या नियमात बसत नाही. ती औषधाला आणि रेडिएशनला इतकी हळवी असते की केमोच्या एक-दोन चक्रांनंतरच्या स्कॅनमध्ये सुपारीएवढी गाठ शोधावी लागते. जी गोष्ट औषधानं वितळते ती काढण्यासाठी मेंदूच्या तळापर्यंत शिरायचं, तिथल्या मोठ्या शिरा, डोळ्यांच्या नसा, पिट्युटरीचा देठ धोक्यात घालायचा, यात मुलाचा काहीच फायदा नाही. नुकसान मात्र कायमचं होऊ शकतं. पूर्ण गाठ काढलेल्या मुलांनाही नंतर रेडिएशन लागतंच, म्हणजे ऑपरेशननं पुढची एकही पायरी वाचत नाही.

मग निदान पक्कं कसं करायचं? या गाठींच्या कुळाला जर्म सेल ट्यूमर म्हणतात. त्यात दोन मोठे गट. एक जर्मिनोमा, दुसरा जर्मिनोमा नसलेल्या गाठींचा, ज्या जास्त चिवट असतात. यांतल्या काही गाठी रक्तात आणि मेंदूच्या पाण्यात दोन खुणा, म्हणजे मार्कर, सोडतात: अल्फा फीटो प्रोटीन, ज्याला रिपोर्टवर एएफपी म्हणतात, आणि बीटा एचसीजी, तेच जे गरोदरपणाच्या तपासणीत बघतात. एएफपी वाढलेलं असेल तर ती शुद्ध जर्मिनोमा नाही, विषय संपला. तुकडाही न काढता दुसऱ्या गटाचे उपचार सुरू करता येतात. युरोपातल्या पद्धतीत एएफपी २५ नॅनोग्रॅमच्या वर किंवा एचसीजी ५० युनिटच्या वर गेलं की दुसरा गट धरतात. अमेरिकेतल्या मर्यादा थोड्या वेगळ्या आहेत. जर्मिनोमात एएफपी नॉर्मल असतं, एचसीजी नॉर्मल किंवा किंचित वाढलेलं. एचसीजी बऱ्याचदा रक्तापेक्षा मेंदूच्या पाण्यात जास्त दिसतं, म्हणून दोन्हीकडचं पाहावं लागतं. डोक्यात दाब असताना मात्र पाठीतून पाणी काढायचं नसतं, त्यानं जीव धोक्यात येऊ शकतो. आधी दाब उतरवायचा, मग पाठीतलं पाणी.

ऑपरेशनच्या खर्चापुढे या तपासण्या किरकोळ आहेत, रक्ताची तर कुठल्याही चांगल्या लॅबमध्ये होते. तरीही आधी गाठ काढली आणि मग ‘मार्कर केलेच नाहीत’ असं समजलं, अशी मुलं माझ्याकडे येत राहतात. त्यामुळे तुम्हाला एकच वाक्य पाठ करायला सांगते: ‘एएफपी आणि बीटा एचसीजीचे रिपोर्ट आल्याशिवाय मोठं ऑपरेशन नको.’ हे सर्जनना नम्रपणे सांगा. चांगला सर्जन यावर रागावत नाही.

दोन्ही खुणा नॉर्मल आल्या तर साधारणपणे तुकडा तपासतात. तुमच्या भाच्याची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण त्याला एकाच वेळी पिनिअल आणि पिट्युटरीच्या देठाशी अशा दोन गाठी आहेत आणि सोबत ती तहान आहे. अशा जोडगाठीत मार्कर नॉर्मल असतील तर अनेक तज्ज्ञ गट तुकडा न काढताही जर्मिनोमा मानून उपचार करतात. सगळेच मानत नाहीत. दुर्बिणीनं पाण्याला वाट करणारच असाल तर त्याच वेळी तुकडा घ्यावा असं माझं मत आहे. नुसत्या तुकड्यासाठी वेगळं धोक्याचं ऑपरेशन मात्र मी या मुलात सुचवणार नाही.

तुकड्याबद्दल आपल्याकडची एक खास अडचण सांगायलाच हवी. जर्मिनोमाच्या पेशींभोवती शरीराच्या पांढऱ्या पेशी गर्दी करतात, आणि कधी कधी ती प्रतिक्रिया इतकी जोरात असते की सूक्ष्मदर्शकाखाली नुसते ग्रॅन्युलोमा, म्हणजे त्या पेशींचे पुंजके, दिसतात. आपल्या देशात ग्रॅन्युलोमा दिसला की पहिला शब्द येतो टीबी, आणि त्यात कुणाची चूक म्हणता येत नाही, मेंदूचा टीबी आपल्याकडे खरोखरच आहे. पण छोट्या तुकड्यात नेमका तोच भाग आला तर मुलाला टीबीची औषधं सुरू होतात. सोबत सूज उतरवायला स्टेरॉइड देतात, स्टेरॉइडनं जर्मिनोमा तात्पुरती लहान होते, आणि सगळ्यांना वाटतं, औषध लागू पडलं. एक १६ वर्षांची मुलगी अशीच सात महिन्यांनी माझ्याकडे आली तेव्हा एका डोळ्याची नजर जवळजवळ गेली होती. त्याच जुन्या, मेणात जपलेल्या तुकड्यावर, म्हणजे ब्लॉकवर, पुन्हा ऑक्ट-४ आणि सी-किट हे खास रंग करून घेतले, तेव्हा ग्रॅन्युलोमाच्या गर्दीत लपलेल्या मोठ्या, फिकट पेशी सापडल्या. तर मुलाला तहान-लघवीचा त्रास आहे आणि तुकड्यात टीबीसारखं दिसतंय असं झालं, तर मेंदूच्या गाठी नेहमी बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टचं दुसरं मत घ्या. ब्लॉक आणि स्लाइड मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

याशिवाय संपूर्ण मणक्याचा एमआरआय हवा. ही गाठ मेंदूच्या पाण्यातून खाली पसरू शकते, आणि पसरली आहे की नाही यावर रेडिएशन कुठपर्यंत द्यायचं हे ठरतं.

आता तहानेकडे येते, कारण मला सगळ्यात जास्त तिच्याविषयी बोलायचं आहे. पिट्युटरीच्या देठातून व्हॅसोप्रेसिन नावाचं हार्मोन येतं, जे मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवायला सांगतं. देठाशी गाठ आली की ते आटतं, लघवी पाण्यासारखी पांढरी आणि भरमसाट होते, आणि ती भरून काढायला मूल पीतच राहतं. याला डायबेटिस इन्सिपिडस म्हणतात. साखरेच्या डायबेटिसशी याचा काही संबंध नाही. हा गोंधळ टाळावा म्हणून २०२२ मध्ये त्याचं नाव बदलून ‘व्हॅसोप्रेसिनची कमतरता’ असं करण्यात आलं, पण दवाखान्यात अजून जुनंच चालतं. एक मुलगा उशाशी तांब्या न ठेवता भरलेली कळशी ठेवायचा आणि पहाटेपर्यंत ती रिकामी व्हायची. दुसरा शाळेतून तक्रार घेऊन आला होता, तास बुडवायला लघवीचं निमित्त करतो म्हणून. दोघांचीही शुगर नॉर्मल होती. शुगर नॉर्मल आली म्हणजे प्रश्न सुटला असं नाही, उलट तिथून खरा प्रश्न सुरू होतो. सकाळच्या पहिल्या लघवीची घनता, सोबत रक्तातलं सोडियम, चोवीस तासांची लघवी मोजणं, इतक्या साध्या गोष्टींनी दिशा कळते. ही लक्षणं गाठ स्कॅनमध्ये दिसण्याच्या कित्येक महिने, कधी वर्षं, आधी सुरू होतात. म्हणून पहिला एमआरआय साफ आला तरी अशा मुलाला सोडून द्यायचं नसतं. दर तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन, पुन्हा मार्कर. हा परिच्छेद मी तुमच्यापेक्षा जास्त बालरोगतज्ज्ञांसाठी आणि शिक्षकांसाठी लिहितेय.

तुमच्यासाठी त्यातला महत्त्वाचा भाग असा. भाच्याला कुठलीही भूल देण्याआधी पिट्युटरीची सगळी हार्मोन्स तपासून घ्या, त्यातही कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराला ताण झेलायला लागणारं हार्मोन, सर्वांत आधी. कॉर्टिसॉल कमी असताना ऑपरेशन झालं तर बीपी कोसळू शकतं. थायरॉइडही कमी निघू शकतं, पण कॉर्टिसॉल भरून काढल्याशिवाय थायरॉइडची गोळी सुरू करायची नाही, क्रम उलटा झाला तर मूल आजारी पडतं. आणि कॉर्टिसॉल सुरू केलं की लघवी अचानक वाढू शकते, कारण त्याच्या कमतरतेनं हा त्रास अर्धा झाकलेला असतो. घाबरू नका, ते अपेक्षित आहे.

लघवी आवरायला डेस्मोप्रेसिन देतात, गोळी किंवा नाकातला स्प्रे. औषध फार गुणकारी, पण त्याच्याशी खेळायचं नाही. माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक गोष्ट सांगते. मुलगा डेस्मोप्रेसिनवर होता आणि केमोसाठी नेहमीसारखं भरपूर सलाईन लावलं होतं, कारण ते औषध मूत्रपिंडांतून धुऊन जायला हवं असतं. गोळीनं मूत्रपिंडांचं दार बंद, सलाईन चालूच. रात्री दोन वाजता त्याला फिट आली, सोडियम ११८. नॉर्मल १३५ ते १४५ असतं. मुलगा वाचला, नीट बरा झाला, पण ती रात्र मी विसरलेले नाही. तेव्हापासून अशा प्रत्येक मुलाच्या पलंगाला एक वही बांधलेली असते. आत गेलेलं पाणी, बाहेर आलेली लघवी, दर काही तासांनी सोडियम, आणि डेस्मोप्रेसिनचा पुढचा डोस लघवी सुटल्याशिवाय नाही. आया ही वही नर्सपेक्षाही चोख लिहितात. तुमच्या बहिणीला आजपासूनच अशी वही सुरू करायला सांगा: किती वाजता किती पाणी, किती लघवी, सकाळचं वजन. पहिल्या भेटीत डॉक्टरला हे आयतं मिळालं तर दोन दिवस वाचतात. आणि एक, पाणी तोडू नका. ‘कमी पी म्हणजे कमी लागेल’ असं म्हणून रात्रीचा तांब्या उचलून ठेवतात, त्यानं सोडियम धोकादायक वर जातं.

गाठ बरी होते का? होते. जर्मिनोमा ही मेंदूच्या घातक गाठींमध्ये सर्वांत जास्त बऱ्या होणाऱ्या गाठींपैकी एक आहे. नीट उपचार मिळालेली दहापैकी नऊहून जास्त मुलं बरी होतात. दुसऱ्या गटातल्या गाठी जास्त कठीण, तिथे जास्त तीव्र केमो, जास्त रेडिएशन आणि उरलेल्या गाठीचं ऑपरेशन लागू शकतं, तरी तिथेही बहुतेक मुलं वाचतात. मी हे धीर देण्यापुरतं बोलत नाहीये. मेंदूची गाठ म्हटली की घरात रडारड सुरू होते, आणि कुणीतरी ‘उगाच कशाला पोराचे हाल’ असं म्हणतं. या गाठीत असं म्हणू देऊ नका.

उपचार कसे असतात याची कल्पना देते. पूर्वी सगळ्या मेंदूला आणि मणक्याला रेडिएशन द्यायचे, ज्याला आपल्याकडे ‘लाइट देणं’ किंवा ‘शेक’ म्हणतात. गाठ जायची, पण वाढत्या मुलाच्या बुद्धीवर, उंचीवर, पाठीच्या कण्यावर त्याचे परिणाम राहायचे. म्हणून केमो जोडून रेडिएशन कमी करायचे प्रयत्न झाले. युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्याचे निकाल २०१३ मध्ये आले, एका जागी मर्यादित गाठ असलेल्या १२५ रुग्णांना पूर्ण मेंदू-मणक्याचं रेडिएशन मिळालं आणि ६५ जणांना केमो आणि फक्त गाठीपुरतं रेडिएशन. दुसऱ्या गटात ७ जणांची गाठ परत आली, त्यांतल्या ६ जणांत ती मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांमध्ये होती, म्हणजे जिथे किरण पोचलेच नव्हते तिथे. पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचं प्रमाण मात्र दोन्हीकडे सारखंच, सुमारे ९५ टक्के. यातून आजची मधली वाट निघाली: आधी केमो, साधारण तीन-तीन आठवड्यांनी चार चक्रं, आणि मग सगळ्या पोकळ्यांना रेडिएशन, सुमारे २४ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसचं माप), गाठीच्या जागी गरजेप्रमाणे थोडं जास्त. मणक्यात पसरलेली असेल तर पूर्ण मेंदू-मणक्याला द्यावंच लागतं. केमोला गाठ पूर्ण विरघळली तर डोस आणखी खाली आणता येतो का, यावर काम चालू आहे. पण ‘केमोनं गाठ गेली, आता लाइट कशाला’ असं म्हणून मध्येच थांबणं ही या आजारातली सगळ्यात महाग चूक. नुसत्या केमोवर ठेवलेल्या मुलांत ती फार मोठ्या प्रमाणात परत येते. केस परत येताना दिसतात, मूल खेळायला लागतं, घरच्यांना वाटतं झालं आता. त्याच टप्प्यावर मी नातेवाइकांच्या मागे सर्वांत जास्त फोन करते.

रेडिएशन दुखत नाही. त्याच्या चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मुखवटा बनवतात. गरम पाण्यात मऊ केलेली पट्टी चेहऱ्यावर ठेवतात, ती पाच-दहा मिनिटांत घट्ट होते. मुलांना भीती वाटते ती त्या मुखवट्याची. आमच्याकडे मुलं त्यावर रंगवतात, कुणी वाघ करतं, कुणी क्रिकेटचं हेल्मेट. आठवड्यातून पाच दिवस, काही मिनिटं, असे तीन ते पाच आठवडे.

प्रोटॉन या वेगळ्या प्रकारच्या रेडिएशनबद्दल तुम्ही विचाराल, सगळेच विचारतात. प्रोटॉनमध्ये आजूबाजूच्या निरोगी मेंदूला किरण कमी लागतात, म्हणून या वयात ते चांगलं. चेन्नईत २०१९ पासून आणि टाटा मेमोरियलच्या खारघरच्या केंद्रात २०२३ पासून ही सोय आहे. मिळालं तर घ्या. पण गाठ बरी होण्याचं प्रमाण साध्या, नीट आखलेल्या रेडिएशननंही तितकंच आहे. प्रोटॉनसाठी महिनोन् महिने थांबू नका आणि शेत गहाण ठेवू नका.

पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं पाहा, हॉस्पिटलमधल्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी जा, शेवटच्या दिवशी नको. मुंबईत राहायची सोय हा मोठा प्रश्न असतो. सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्सकडे उपचार चालू असलेल्या मुलांना आईवडिलांसोबत विनामूल्य राहता येतं. त्यासाठी हॉस्पिटलची चिठ्ठी लागते. टाटामध्ये रांग मोठी आहे हे खरं, पण मुलांचा विभाग वेगळा आहे.

केमोच्या आधी एक विषय आईवडील कधीच काढत नाहीत, म्हणून मी काढते: पुढे मूल होण्याची क्षमता. यातली काही औषधं त्यावर परिणाम करतात. मुलगा वयात आलेला असेल तर वीर्य जपून ठेवता येतं. तुमच्या भाच्याच्या बाबतीत पिट्युटरीमुळे तो वयात आलाच नसेल, तर आत्ता ते जमणार नाही. तरी विचारा.

‘झाली कशामुळे’ याचं उत्तर मी नेहमी आईकडे बघून देते. गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत बीजपेशी, ज्यांपासून पुढे अंडाशय आणि वृषणातल्या पेशी बनतात, त्या आपल्या जागी पोचायला शरीरभर प्रवास करतात. काही पेशी वाट चुकून मधल्या रेषेवर राहून जातात, मेंदूतसुद्धा. वयात येण्याच्या सुमारास त्यांच्यातल्याच एखादीची गाठ होते, असं मानलं जातं. म्हणूनच ही गाठ सूक्ष्मदर्शकाखाली अगदी वृषणाच्या सेमिनोमा नावाच्या गाठीसारखी दिसते, आणि म्हणूनच ती बहुतेक १० ते २० या वयात सापडते. पिनिअलची गाठ मुलग्यांमध्ये कितीतरी जास्त, पिट्युटरीपाशी मुलं-मुली साधारण सारख्याच. जपान, कोरिया, तैवानमध्ये हा आजार युरोप-अमेरिकेपेक्षा काही पटींनी जास्त दिसतो; युरोप-अमेरिकेत या कुळातल्या सगळ्या गाठी मिळून मुलांच्या मेंदूच्या गाठींत जेमतेम तीन-चार टक्के. यात मोबाइल नाही, डोक्यावर पडणं नाही, गरोदरपणात खाल्लेलं काही नाही, ग्रहण नाही. भावंडांची तपासणी करायची गरज नाही. तुमची बहीण हे विचारणार नाही, मनातच ठेवेल. तिला तुम्ही आपणहून सांगा.

उपचारांनंतरचं आयुष्य. डबल दिसणं बहुतेकदा सुधारतं, वर बघणं थोडं अडखळत राहू शकतं. ती तहान मात्र सहसा जात नाही. गाठ गेली तरी देठाचं झालेलं नुकसान भरून येत नाही, डेस्मोप्रेसिन आयुष्यभर लागतं. हे आधी सांगितलं नाही तर घरच्यांना वाटतं गाठ उरलीय. कॉर्टिसॉलची गोळी चालू असेल तर ताप, उलटी, ऑपरेशन, अपघात अशा वेळी तिचा डोस वाढवायचा असतो आणि उलटी होत असेल तर इंजेक्शन लागतं. तशी सूचना लिहिलेलं कार्ड त्याच्या दप्तरात कायम हवं. वाढीचं हार्मोन पुढे, गाठ शांत आहे याची खात्री झाल्यावर देता येतं. वयात येण्यासाठीही औषधं आहेत. पहिली काही वर्षं दर तीन-चार महिन्यांनी एमआरआय, नंतर अंतर वाढत जातं. जर्मिनोमा पाच वर्षांनंतरही परत येऊ शकते, म्हणून दहावी-बारावीच्या धांदलीत तपासण्या सोडायच्या नाहीत. परत आली तरीही बऱ्याच वेळा पुन्हा बरी करता येते.

शेवटी तुमचा प्रश्न, त्याला सांगायचं का. १३ वर्षांच्या मुलाला सगळं कळतं, फोनवर तो रिपोर्टमधला शब्द शोधूनही बसला असेल. त्याला सांगा की डोक्यात गाठ आहे, तिचं नाव जर्मिनोमा, ती औषधानं आणि किरणांनी जाते, केस जातील आणि परत येतील. आणि हेही सांगा की वर्षभर तो जे पाणी पीत होता, रात्री उठत होता, ती सवय नव्हती, बहाणा नव्हता. अंथरूण ओलं झाल्याबद्दल, तास बुडवल्याबद्दल तो बोलणी खाऊन असेल. एका मुलानं हे ऐकल्यावर मला विचारलं होतं, ‘हे बाईंना पण सांगाल का?’ मी त्या शाळेला पत्र लिहिलं: याला पाण्याची बाटली बाकावर ठेवू द्यावी आणि लघवीला जाताना परवानगी मागायला लावू नये. तुमच्या डॉक्टरांकडूनही असं पत्र मागून घ्या.